घरबसल्या ट्रेडिंग आणि घरचं इंटरनेट: वेग किती लागतो, भरवसा किती लागतो

कुठला शेअर घ्यावा, निफ्टी उद्या वर की खाली, हे कृपया मला विचारू नका. मी नेटवर्कचं काम करणारा माणूस आहे. पण गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न बाजाराशीच जोडलेला आहे. ‘सर, ट्रेडिंग करायचंय, तर किती एमबीपीएसचा प्लॅन घेऊ? शंभरचा पुरेल का तीनशेचा?’ विचारणाऱ्यात नोकरी सोडलेले तरुण असतात, निवृत्त मंडळी असतात, दुपारच्या वेळात ऑप्शन्स करणाऱ्या गृहिणीही असतात. आणि प्रत्येकाला वाटतं की मोठा प्लॅन घेतला की ऑर्डर लवकर पोचेल.

आता हे एमबीपीएस म्हणजे काय ते आधी बघू. एसटीच्या गाडीत किती माणसं बसतात आणि गाडी स्वारगेटहून सुटून साताऱ्याला किती वेळात पोचते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? एमबीपीएस म्हणजे गाडीतल्या सीटा. सीटा वाढवल्या म्हणून गाडी लवकर पोचत नाही. पोचायला लागणाऱ्या वेळाला लेटन्सी म्हणतात, तो मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. आणि तुमची ऑर्डर? ती म्हणजे एकटा प्रवासी. एका ऑर्डरचा मजकूर सगळं वेष्टण धरून एक-दोन किलोबाइटच्या आसपास असतो. व्हॉट्सॲपवरचा ‘सुप्रभात’चा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा.

भाव दिसतात त्याचाही हिशोब करा. एका शेअरचा भाव, त्याच्या खरेदी-विक्रीच्या पाच-पाच ओळी, हे सगळं धरून ब्रोकरकडून येणारं एक पाकीट साधारण दोनशे बाइटचं असतं. तुम्ही शंभर शेअर लावून ठेवलेत आणि प्रत्येकाचा भाव सेकंदाला दोनदा बदलला, तर सेकंदाला ४०,००० बाइट झाले. म्हणजे ०.३२ एमबीपीएस. अर्धासुद्धा नाही! चार्ट, बातम्यांचं चॅनल, घरातल्यांचं ओटीटी हे सगळं धरलं तरी चाळीस-पन्नासचा प्लॅन रगड झाला. त्यापुढचे पैसे ट्रेडिंगसाठी म्हणून देऊ नका, वाटलं तर घरच्यांच्या सिनेमासाठी द्या.

मग लेटन्सी तरी कमी करावी का? इथं थोडा थांबतो, कारण याच नावावर बरंच काही विकलं जातं. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. नागपूर ते मुंबई केबल वळसे घेत हजार किलोमीटर गेली असं धरलं, तरी जायला पाच आणि यायला पाच, एकूण दहा मिलिसेकंद. पुण्याहून तर दोन-तीनच. त्यात मधल्या यंत्रांचा वेळ मिळवा. चांगल्या फायबर लाइनवर महाराष्ट्रातून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचा पिंग पाच ते तीस मिलिसेकंदांत बसतो. आणि पडद्यावर काही दिसल्यापासून माणसाचं बोट हलायला किती वेळ लागतो? दोनशे-अडीचशे मिलिसेकंद, तेसुद्धा काही विचार न करता. ज्याच्या हाताला अडीचशे लागतात त्यानं तीसचे दहा करण्यासाठी जादा पैसे मोजावेत का, तुम्हीच ठरवा.

खरी वेगाची शर्यत आहे, नाही असं नाही. अमेरिकेत २०१० मध्ये स्प्रेड नेटवर्क्स नावाच्या कंपनीनं शिकागो ते न्यू जर्सी अशी जवळजवळ सरळ रेषेत नवी फायबर टाकली, डोंगर फोडून, ती केवळ जाऊन-येऊन काही मिलिसेकंद वाचावेत म्हणून. आपल्याकडे एनएसईनं २००९ पासून को-लोकेशन सुरू केलं. म्हणजे मोठ्या संस्था आपले सर्व्हर एक्स्चेंजच्या इमारतीतच भाड्याच्या जागेत ठेवतात. त्यांचा हिशोब मायक्रोसेकंदात चालतो, सेकंदाचा दहा लाखावा भाग. शिवाय तुमची ऑर्डर आधी ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते, तिथं मार्जिन तपासलं जातं, मग पुढं. त्यामुळे त्या शर्यतीत तुम्ही घरून कुठलाही राउटर लावून उतरू शकत नाही. आणि उतरायची गरजही नाही. ते वेगळं मैदान आहे.

तुमचं मैदान कुठलं, तर नऊ-पंधरा ते साडेतीन. सव्वासहा तास, म्हणजे ३७५ मिनिटं. कोणी म्हणालं की आमचं इंटरनेट ९९ टक्के वेळ चालू असतं, तर ऐकायला छान वाटतं. त्या उरलेल्या एका टक्क्याची दिवसाला पावणेचार मिनिटं होतात. महिन्याचे वीस दिवस धरले तर पंचाहत्तर मिनिटं. ही पंचाहत्तर मिनिटं रोज थोडी थोडी येत नाहीत हो. ती एकदम येतात, एखाद्या एक्स्पायरीच्या दुपारी, तुमचं पोझिशन उघडं असताना. म्हणून माझं म्हणणं असं की घरच्या ट्रेडरनं वेगाचा प्रश्न सोडून द्यावा आणि तुटण्याचा प्रश्न हातात घ्यावा.

तुटतं कुठं? लोक कंपनीला फोन लावतात, पण माझा अनुभव सांगतो, निम्म्याहून अधिक तक्रारी घराच्या भिंतींच्या आतच असतात. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. आता एका मजल्यावर चार फ्लॅट, असे सात मजले. अठ्ठावीस राउटर या तीन चॅनलवर बोलताहेत. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात आवाज करतो. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा स्वच्छ असतो पण भिंत आली की दमतो. यावर उपाय म्हणजे काही शे रुपयांची कॅट-सिक्सची लॅन केबल. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तार ओढा. भिंतीला दिसते, वाईट दिसते, घरात बोलणी बसतात, सगळं मान्य. पण या एका तारेनं जितका फरक पडतो तितका प्लॅन तिप्पट करून पडत नाही.

दुसरी गोष्ट घरातलीच. पिंग एरवी दहा असतो आणि मध्येच तीनशे-चारशे होतो. का? कारण मुलीनं फोनवरून व्हिडिओ अपलोड करायला घेतला, किंवा फोटोंचा बॅकअप सुरू झाला. अपलोडची वाट भरली की राउटर पाकिटं रांगेत उभी करतो, आणि तुमची छोटीशी ऑर्डर त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. याला बफरब्लोट म्हणतात. लाइन बंद नसते, स्पीड टेस्टही उत्तम येते, फक्त तुमचं काम अडतं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएमची सोय असेल तर ती चालू करावी आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली लावावी. सोय नसेल तर बाजार चालू असताना बॅकअप बंद, असा घरगुती कायदा करावा.

आता वीज. हे आपल्याकडे बोलायलाच हवं. भिंतीवर फायबरची जी छोटी पेटी असते, ओएनटी म्हणतात तिला, तिला आणि राउटरला मिळून दहा-पंधरा वॅट लागतात. वीज गेली आणि घरात इन्व्हर्टर आहे, तरी नेट जातं, असं अनेकजण सांगतात. कारण इन्व्हर्टर पदर बदलतो त्या क्षणभराच्या खंडात पेटी बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि पुन्हा सुरू होऊन जोडायला दोन-तीन मिनिटं घेते. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते यूपीएसवर असावं. त्याहून सोपं, बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, वहीएवढा, तो पेटी आणि राउटरला थेट लावायचा. फक्त तुमच्या पेटीचा ॲडॅप्टर किती व्होल्टचा आहे ते वाचून मग घ्या, नाहीतर पेटी जाईल.

पण तुमच्या घरात वीज असून भागत नाही. पुढं काय आहे ते विचारायला हवं, आणि हा प्रश्न कोणी विचारत नाही. फायबर घरापर्यंत थेट येत असेल, जीपॉन पद्धतीची, तर मध्ये खांबावर जो स्प्लिटर असतो तो नुसता काचेचा, त्याला वीज लागतच नाही. कंपनीच्या केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंत ही व्यवस्था मधल्या विजेशिवाय चालते. पण जुन्या केबलवाल्यांच्या जाळ्यात इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली एक स्विच असतो आणि तिथून तांब्याची लॅन केबल तुमच्या घरी येते. तो स्विच सोसायटीच्या विजेवर चालतो. गल्लीतली वीज गेली की तुमचा यूपीएस कितीही भारी असो, नेट गेलं. तेव्हा कनेक्शन घेताना केबलवाल्या दादाला एकच विचारा: घरात येणारी तार काचेची की तांब्याची? तांब्याची असेल तर स्विच कुठं आहे आणि त्याला बॅटरी आहे का? तो डोकं खाजवायला लागला तर उत्तर मिळालं असं समजा.

फायबरच्या बाबतीत अजून एक बघता येतं. ओएनटीच्या पानावर लॉगिन केलं की येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, उणे आकड्यात, डीबीएममध्ये. उणे वीसच्या आसपास असेल तर निवांत राहा. उणे सत्तावीसच्या पुढं गेलं की लाइन काठावर आली. एखादा पावसाळी दिवस, कुठंतरी वाकलेली तार, जोडणीत गेलेली धूळ, एवढ्यानं तुटेल. महिन्यातून एकदा हा आकडा वहीत लिहून ठेवा. आकडा घसरत चालला असेल तर तुटायच्या आधी तक्रार करता येते, आणि हातात आकडा असला की तक्रार घेणारासुद्धा जरा सरळ बोलतो.

दोष कुठं आहे ते शोधायची एक साधी युक्ती सांगतो. कॉम्प्युटरवर तीन काळ्या खिडक्या उघडा आणि तीन पिंग सतत चालू ठेवा. पहिला तुमच्याच राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१. दुसरा ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला. तिसरा ब्रोकरच्या संकेतस्थळाला. पहिलाच अडखळला तर दोष वायफायचा किंवा तारेचा, म्हणजे घरातला. पहिला नीट आणि दुसरा तुटला तर कंपनीचा. दोन्ही नीट आणि तिसरा गेला तर ब्रोकरकडं किंवा वाटेत काही बिघाड, किंवा नाव शोधणारं डीएनएस पडलंय. मात्र काही ब्रोकर पिंगला उत्तरच देत नाहीत, तेव्हा सगळं सुरळीत असताना एकदा करून बघा. आणि सरासरीकडं बघू नका. दहा, अकरा, दहा, मध्येच सहाशे, मग ‘टाइम्ड आउट’. यातलं सहाशे आणि टाइम्ड आउट महत्त्वाचं. हे सकाळी नऊ ते दहा करा. रात्री अकराला केलेली स्पीड टेस्ट तुमच्या काय कामाची?

एवढं करूनही एक लाइन तुटणारच. म्हणून दुसरी. पण दुसरी म्हणजे खरोखर दुसरी हवी. याचं सर्वांत मोठं उदाहरण खुद्द एनएसईचं आहे. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईचा व्यवहार थांबला. त्यांच्याकडं दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या, एक पडली तर दुसरी असावी म्हणूनच घेतलेल्या. दोन्ही कंपन्यांच्या लाइन एकाच वेळी डळमळल्या, आणि कारण सांगितलं गेलं ते रस्त्याकडेच्या खोदकामाचं आणि बांधकामाचं. त्यात आतल्या स्टोरेज यंत्रणेचाही घोटाळा झाला. बाजार पुन्हा उघडला तो पावणेचारला आणि पाचपर्यंत चालला. पण तो उघडेल हे बराच वेळ लोकांना माहीत नव्हतं, त्यामुळे अनेक ब्रोकरांनी ग्राहकांची इंट्राडे पोझिशन्स बीएसईवर कापून टाकली. लोकांना तोटा झाला, चूक काही नसताना.

आता हे घरावर लावून बघा. दोन कंपन्यांची फायबर घेतली, दोन्ही त्याच खांबावरून, त्याच गटारीशेजारून आल्या. एका जेसीबीच्या एका घासात दोन्ही जातील. घरासाठी उत्तम जोडी म्हणजे एक फायबर आणि एक मोबाइल, आणि मोबाइलची कंपनी वेगळी. फोनचा हॉटस्पॉट चालतो, पण तो आधी जोडून बघितलेला असावा, त्यात डेटा असावा, फोन चार्ज असावा. ज्याचं रोजचं पोट यावर आहे त्यानं दोन लाइन घेणारा ड्युअल वॅन राउटर घ्यावा. पहिली पडली की तो आपोआप दुसरीवर जातो. तरी काही सेकंद जातात, ॲप पुन्हा जोडतं, कधी पुन्हा लॉगिन मागतं. लॉगिनचा ओटीपी त्याच सिमवर येत असेल ज्याला रेंज नाही, तर दुसरी लाइन असून उपयोग नाही. फोनवरचं ऑथेंटिकेटर ॲप आकडे नेटवर्कशिवाय दाखवतं, ते लावून ठेवा.

जे एपीआयवरून प्रोग्रॅम चालवतात त्यांच्यासाठी वेगळी भानगड आहे. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानं एपीआयला ब्रोकरकडं नोंदवलेला स्थिर आयपी पत्ता लागतो. घरगुती लाइनवर पत्ता बदलता असतो, अनेकदा शेकडो घरांना मिळून एकच असतो. स्थिर पत्ता वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. आणि तुम्ही मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात की पत्ता बदलला, ऑर्डर नाकारली. तेव्हा दुसऱ्या वाटेचा विचार आधीच करून ठेवायचा.

आता ज्यासाठी मी खरं तर इथं आलो ती गोष्ट. समजा तुम्ही विक्रीचं बटण दाबलं आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं. नेट गेलं. ऑर्डर गेली की नाही? तीन शक्यता आहेत. ऑर्डर निघालीच नाही. ऑर्डर पोचली, झालीसुद्धा, फक्त उत्तर परत येताना हरवलं. किंवा पोचली आणि एक्स्चेंजवर भाव येण्याची वाट बघत पडून आहे. तुमच्या पडद्यावरून या तिन्हींत काहीही फरक दिसत नाही. माणूस काय करतो, घाबरून पुन्हा दाबतो. पहिली झालेली असेल तर आता तुमची विक्री दुप्पट झाली, म्हणजे जे काढायचं होतं त्याच्या उलट नवं पोझिशन अंगावर आलं. नेट तुटून जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त या दुसऱ्या दाबण्यानं होतं असं माझं ठाम मत आहे. नेट आल्यावर पहिलं काम: ऑर्डर बुक उघडणं. भाव नंतर बघा. नेट येतच नसेल तर ब्रोकरच्या कॉल अँड ट्रेडला साधा फोन लावा, ‘माझी ऑर्डर काय स्थितीत आहे’ हे आधी विचारा आणि मग सूचना द्या. तो नंबर कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलेला हवा. ॲपच्या आत असलेला नंबर ॲप उघडत नसताना कसा बघणार?

आणि स्टॉप लॉस. मनातला स्टॉप लॉस नेटबरोबर जातो. एक्स्चेंजवर टाकलेली स्टॉप लॉस ऑर्डर तुमच्या घरी अंधार झाला तरी तिथंच असते. जीटीटी नावाचा प्रकार वेगळा. तो ब्रोकरच्या सर्व्हरवर असतो, म्हणजे तुमच्या घरापासून सुरक्षित, ब्रोकरच्या बिघाडापासून नाही. लिमिट लावलेला स्टॉप लॉस भाव उडी मारून पुढं गेला तर न होताच राहू शकतो, हेही लक्षात असू द्या. पोझिशन घेण्याआधी स्वतःला विचारा: पुढची दहा मिनिटं मी या जगात नाही असं धरलं तर हे पोझिशन मला किती बुडवेल? तो आकडा पेलणारा नसेल तर दोष इंटरनेटला देऊ नका, पोझिशन मोठं आहे.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. त्यांचं नेट वाईट होतं म्हणून हे झालं नाही. तेव्हा चार-पाच हजारांची तार, यूपीएस आणि दुसरं सिम याच्या पुढं खर्च करण्याआधी आपण त्या उरलेल्या सातात आहोत का, हे आपल्याच खातेवहीत बघा.

प्रश्न घेऊया.

(एका श्रोत्या ताईंचा प्रश्न: आमच्या भागात फायबर नाही, फाइव्ह-जीचा एअर फायबर घेतला तर चालेल का?)

चालेल. बटण हातानं दाबणाऱ्याला पुरतो. त्याचा पिंग वरखाली जास्त होतो आणि टॉवरवर गर्दी झाली की बिघडतो, पण दिवसभर तुटत नसेल तर हरकत नाही. महिनाभर मी सांगितलेले पिंग लावून बघा. आणि बॅकअपचं सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या, नाहीतर टॉवर एकच.

(प्रश्न: ब्रोकरचंच ॲप बंद पडलं तर?)

त्यासाठी एक्स्चेंजांनी ऑक्टोबर २०२३ पासून आयआरआरए नावाची व्यवस्था केलेली आहे. ब्रोकरची यंत्रणा पूर्ण कोसळली तर ती सुरू होते आणि तिथून उघडी पोझिशन्स बंद करता येतात, नवी घेता येत नाहीत. पण ती ब्रोकरच्या बिघाडासाठी आहे. तुमच्या घरचं नेट गेलं म्हणून ती सुरू होणार नाही.

(मागून एका काकांचा प्रश्न: मुलगा म्हणतो मुंबईत व्हीपीएस भाड्यानं घेऊ, प्रोग्रॅम तिथंच चालेल, घरच्या नेटची कटकटच नको.)

मुलगा बरोबर सांगतोय. डेटा सेंटरची वीज आणि लाइन तुमच्या घरापेक्षा केव्हाही भरवशाची, स्थिर पत्ताही मिळतो. फक्त त्याला एक विचारा. घरचं नेट गेलं तरी प्रोग्रॅम तिकडं चालूच राहणार, ऑर्डरी टाकतच राहणार. तो चुकायला लागला आणि तुम्हाला लॉगिन करता येत नसेल, तर त्याला थांबवणार कोण? दिवसाचा ठरावीक तोटा झाला की आपोआप थांबेल अशी अट प्रोग्रॅममध्ये असू द्या, आणि फोनच्या डेटावरून तो बंद करता येतो का हे बाजार बंद असताना एखाद्या शनिवारी करून बघा.